सोमवारचा फोन

माझी पुतणी शिवप्रिया पुण्याला नेमकं काय शिकते, हे लोहाऱ्यात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ सिद्रामप्पा, किराणा दुकानात गूळ तोलता तोलता गिऱ्हाइकाला सांगायचे, "कॉम्प्युटरातल्या चोऱ्या धरायचं शिकती." उमादेवी वहिनी सांगायच्या, "पोलिसातलंच हाय काईतरी, पण खुर्चीवर बसून." मी मात्र कोर्सचं नाव पाठ केलं होतं. माहिती सुरक्षा आणि गुप्तवार्ता व्यवस्थापन, एमएस्सी, दुसरं वर्ष. नाव म्हणून दाखवायचो आणि वर तिला चिडवायचो, "एवढं लांब नाव गाडीच्या पाटीवर मावत नाही गं. हेरगिरी लिही, सुटसुटीत." मी सारा जन्म एसटीत काढला, लोहारा स्टँडवरच वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो, त्यामुळे माझे विनोद पाटीच्या पुढे जात नाहीत.

शिवा फणकारायची. "काका, हेर दुसऱ्याची माहिती काढतात. आम्ही आपली सांभाळायला शिकतो."

"मग सांभाळ बाई. तुझ्या बापापासून सुरुवात कर," मी म्हणायचो.

कारण अण्णांचा फोन उघडायचा आकडा अख्ख्या बाजारपेठेला पाठ होता. चष्मा घरी राहिला की रस्त्यानं जाणाऱ्या कुणाच्याही हातात फोन द्यायचे, "बघ रं, काय आलंय," आणि आकडा एवढ्या मोठ्यानं सांगायचे की समोरच्या पानवाल्यानं मान हलवावी. शिवानं समजावलं, रागावली, फसलेल्या म्हाताऱ्यांच्या बातम्या वाचून दाखवल्या, आकडा बदलून दिला. चार दिवसांत नवा आकडाही पानवाल्याला पाठ. "माझ्या फोनात हाय काय चोरायला? तेलाचा भाव?" असं अण्णांचं म्हणणं.

मग गेल्या दिवाळीत पोरीला एक युक्ती सुचली. आमच्या लिंगायतांत लहानपणी दीक्षा देतात. गुरू कानात मंत्र सांगतात आणि तो मंत्र मरेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो. शिवानं जेवताना सहज विचारलं, "अप्पा, तुमचा मंत्र तुम्ही अव्वाला सांगितलाय का?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "येडी का काय? असं सांगतेत व्हय कुणी?"

"मग फोनचा आकडाही तसाच. अव्वाला नाही, काकांना नाही. मी विचारला तरी मला नाही. आणि एक आकडा एकाच ठिकाणी. प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली."

अण्णांना ते असं काही पटलं की त्या दिवसापासून ते फोन उघडताना भिंतीकडं तोंड करून बसायला लागले, पूजेला बसल्यासारखे. पानवाल्यानं दोनदा विचारून पाहिलं, अण्णांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. शिवानं ही हकीकत पुण्याला वर्गात सांगितली, तिच्या सरांनी फार कौतुक केलं आणि माणसाच्या श्रद्धेच्या वाटेनं त्याला सावधपणा कसा शिकवावा हा तिच्या प्रबंधाचा विषयच ठरला. कपाळाला विभूती लावलेले, फोन छातीशी धरलेले अण्णा तिनं तिथल्या मोठ्या पडद्यावर दाखवले. ते कळल्यावर अण्णा आठवडाभर दुकानात ताठ बसत होते.

संक्रांतीनंतर अमरचं प्रकरण झालं. अमरनाथ हा शिवाचा धाकटा भाऊ. स्टँडसमोर त्याची मोबाइलची टपरी होती, नवी सिमकार्डं द्यायचा. कार्ड घ्यायला आलेल्या माणसाला "अंगठा नीट उमटला न्हाय, परत ठेवा" म्हणायचं आणि त्या दुसऱ्या अंगठ्यावर त्याच माणसाच्या नावाचं दुसरं कार्ड चालू करायचं, असं त्याला वरच्या माणसानं शिकवलं होतं. ती दुसरी कार्डं तो माणूस घेऊन जायचा. पुढं त्यांचं काय व्हायचं ते मला ठाऊक नाही, असं अमर म्हणत होता. मला ते खरं वाटतं. पण त्या कार्डांवरून कुठल्या तरी लांबच्या राज्यात लोकांना गंडवलं गेलं होतं आणि तिथले पोलीस नोटीस घेऊन आमच्या दारात आले. अमर घरी नव्हता म्हणून वाचला. शिवा तेव्हा घरीच होती. तिनं त्याला वकील घेऊन आपणहून हजर व्हायला सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण सांगताना ती अशी सांगत होती की जणू समोर भाऊ नाही, परीक्षेतला प्रश्न आहे. अमर ओरडला, "तू त्यांच्यातलीच!" आणि घराबाहेर पडला तो गेलाच. फोन सुद्धा घरात टाकून गेला.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी अण्णा दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या गेले. तराजूत शेंगदाणे तसेच होते. गिऱ्हाइकाला वाटलं डुलकी लागली.

आमच्यात माणूस लिंगैक्य झाला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती, गळ्यात रुद्राक्ष, तळहातावर इष्टलिंग, आणि पुरतात तेही बसलेलंच. अण्णा बाहेरच्या सोप्यात असे बसले होते की आता "काय देऊ?" विचारतील. शिवा सोमवारी सकाळी पुण्याच्या गाडीनं आली. तिनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी बाहेर माणसं, खड्डा, बेल, फुलं बघत होतो. सकाळी दहापर्यंत न्यायचं असं स्वामीजींनी सांगितलं होतं.

तेवढ्यात वहिनींनी मला आत बोलावलं.

"भावजी, एक ऐका माझं. अमर आल्याबिगर यांना उचलू नका."

मला वाटलं दुःखानं बोलताहेत. "वहिनी, पोरगं कुठं हाय कुणाला ठाऊक? निरोप तरी कुणाकडं धाडावा?"

"यांना ठाऊक होतं," वहिनी अण्णांकडं बघत म्हणाल्या. "दर सोमवारी फोन येतो त्याचा. दुपारचं जेवण झालं की हे परसात जातेत फोन घेऊन. बोलून आले की आणखी एक भाकर मागतेत. तवाच म्या वळखलं. एकदाच म्हणले मला, पोरगं बरं हाय, पर शिवाच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाय."

शिवा पाणी पिता पिता थांबली. "माझ्या का नाही?"

"तुला कळलं तर तुला खोटं तरी बोलावं लागंल, न्हाय तर भावाला धरून तरी द्यावं लागंल. तुझी नोकरी हाय पुढं. तूच सांगितलं होतंस म्हणले, ज्याला गरज हाय तेवढ्यालाच सांगायचं."

शिवानं मान खाली घातली. तिच्या शिक्षणात असा नियम आहे, हे तिनं नंतर मला सांगितलं. तिथं तो पहिल्याच महिन्यात शिकवतात.

अण्णांचा फोन दुकानातून आणला. आत अमरचा नंबर असणार, तो लावला की काम झालं, असं आम्हाला वाटलं. शिवानं फोन हातात घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला सगळं कळलं. आकडा फक्त अण्णांना ठाऊक होता.

"तू शिकतीस की हेच," वहिनींचा भाचा राजशेखर म्हणाला. तो उमरग्याहून आला होता आणि स्वभावानं चांगला असला तरी गप्प बसणं त्याला जमत नाही. "उघड. काईतरी मागचं दार असंल."

"नसतं दादा. मागचं दार नसलेलाच फोन मी बघून आणला होता."

"मग मामांचा अंगठा लावून बघ."

सोप्यात बसलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मला राग आला, पण शिवा शांतपणे म्हणाली, "अंगठा लावलेलाच नाही. मीठ, गूळ, धान्य करून अप्पांच्या बोटांवर रेषाच राहिल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानातही उमटायचा नाही."

मग प्रत्येकाला काही ना काही सुचायला लागलं. बसवजयंतीची तारीख घाल. दुकान काढलं ते साल घाल. लग्नाचं घाल. शिवानं काही आकडे घालून बघितले, फोननं नकार दिला आणि थोडा वेळ हातच लावू देईना. तेव्हा तिनं फोन खाली ठेवला. "आता नको. ठरावीक चुका झाल्या की हा आतलं सगळं पुसून टाकतो. मीच तसं करून ठेवलंय." ती हे इतक्या हळू बोलली की राजशेखरही पुढं काही बोलला नाही.

राहिलं एकच. अमरचा फोन यायची वाट बघणं. आलेला फोन आकड्याशिवायही उचलता येतो म्हणाली. पण फोन बंद पडता कामा नये, बंद पडून चालू झाला की सिमकार्डाचाही आकडा मागेल आणि मग बाहेरचा फोन वाजणारच नाही. तोही आकडा अण्णांचाच. "प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली," राजशेखर पुटपुटला. मी त्याला बाहेर मांडव बघायला पाठवलं.

अकराच्या सुमाराला लाइट गेली. ती आमच्याकडं जातेच. फोनची बॅटरी अर्ध्याच्या खाली होती. शेजारच्या घरून पॉवर बँक मागून आणली आणि फोनला लावून अण्णांच्या पुढ्यात पाटावर ठेवली, बेलफुलांच्या शेजारी. येणारा प्रत्येक माणूस अण्णांना नमस्कार करायचा आणि फोनकडं बघायचा.

फोन वाजत होता, नाही असं नाही. लातूरच्या व्यापाऱ्याचा आला. साखरेचं पोतं पाठवता का विचारायला सास्तूरचं एक गिऱ्हाईक बोललं. मग एका गोड आवाजाच्या पोऱ्याचा आला, "सिद्रामप्पा सर, तुमचं केवायसी अपूर्ण आहे, खातं बंद होणार आहे." शिवा म्हणाली, "ते वारले." तो म्हणाला, "ओके मॅडम, मग त्यांच्या आधार कार्डावरचा नंबर सांगता का?" आजवर मी कुणाला शिव्या देताना तिला ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, आणि मला बरं वाटलं.

उन्हं चढत गेली. खड्डा खणणारे दोनदा येऊन विचारून गेले. स्वामीजी मोठ्या मनाचे, पण त्यांनाही माकणीला एका वास्तूला जायचं होतं. ते म्हणाले, "विरुपाक्षप्पा, देह फार ठेवू नये. देवाच्या घरी निघालेल्या माणसाला दारात किती वेळ थांबवायचं?" मी हात जोडले. एसटीत असताना उशिरा येणाऱ्या गाडीसाठी मी शेकडो माणसांना थोपवलंय. आता येईल, उमरग्याहून सुटली आहे, असं सांगायचो. तेव्हा निदान गाडी सुटल्याचं मला ठाऊक असायचं. ह्या वेळी काय सांगणार? भावाला बसवून ठेवलं होतं आणि डोळे फोनला लावले होते. मी वहिनींवर चिडलो होतो, अमरवर चिडलो होतो, आणि अण्णांवर सगळ्यात जास्त. एवढं गुपित पोटात ठेवायचं तर निदान एका माणसाला सांगून जायचं. मी काय मेलो होतो?

मांडवात चौकीचा एक ओळखीचा शिपाई पण येऊन बसला होता. दुखवट्यालाच आला असेल. पण त्यानं चहा दोनदा घेतला तरी उठला नाही, म्हणून मी राजशेखरला त्याच्याजवळ बसवलं. त्याच्या बडबडीचा तेवढा तरी उपयोग.

जेवणवेळ टळून गेली आणि फोन वाजला. नंबर अनोळखी. शिवानं तो उचलला आणि आवाज मोठा केला, म्हणजे वहिनींना ऐकू यावं. पलीकडं गर्दी होती, आणि मागं भोंग्यावर कुणीतरी कन्नडमधून गाड्या पुकारत होतं. स्टँडचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. औरादची गाडी पुकारली. बीदर, मी मनात म्हणालो.

"अमर," शिवा म्हणाली. "मी शिवा. ठेवू नको."

मग अमरचाच आवाज आला. "अप्पांना दे."

"अमर, अप्पा गेले रे. काल दुपारी, दुकानातच. आम्ही सगळे तुझ्यासाठी थांबलोय. तू निघ. काही होणार नाही, मी आहे. तू फक्त निघ."

"शब्द सांग."

"कसला शब्द?"

"शब्द सांग आधी."

शिवानं डोळे मिटले. मग तिचा चेहरा एकदम उजळला. शिवरात्रीला ती घरी आली होती तेव्हा तिनं आईबापाला बजावलं होतं की आता चोर माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात, मुलगी बोलतेय म्हणून फोन येईल, अपघात झाला म्हणतील, तर आपल्या माणसांत एक शब्द ठरवून ठेवायचा. तो शब्द सांगितला तरच विश्वास. तिचा आणि अण्णांचा एक शब्द ठरला होता.

"पायली," ती म्हणाली. "पायली. बरोबर ना?"

वहिनींनी माझा हात धरला होता, आजवर कधी धरला नव्हता.

"ह्यो न्हाय," अमर म्हणाला.

अण्णांनी प्रत्येक पोराला वेगळा शब्द दिला होता. पोरगी शिकवून गेली तसंच, एका कुलपाला एक किल्ली.

"अमर, मला तुझा शब्द नाही माहीत. अप्पांनी सांगितलाच नाही मला. पण मी शिवाच आहे रे. तू दुसरीत असताना कावीळ झाली तर तुला पाठीवर घेऊन मी..."

"ते साऱ्या गल्लीला ठाऊक हाय."

"संक्रांतीनंतर आपलं भांडण झालं, तू म्हणालास तू त्यांच्यातलीच. ते घरातल्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"ते पोलिसालाबी ठाऊक असंल. तूच सांगितलं असशील." मग तो भराभर बोलायला लागला, घाबरलेलं माणूस बोलतं तसं. "अप्पांनी सांगितलंय मला. ह्या नंबरावर दुसरं कुणीबी बोललं, शिवाचा आवाज असू दे, काकाचा असू दे, बाप मेला म्हणू दे, शब्द इचारायचा. बाप मेला म्हणून तर हमखास सांगतेत, पोरगं धावत येतंय म्हणून. शब्द न्हाय सांगितला की ठेवून द्यायचं. शिवानंच शिकवलंय म्हणले."

मी पुढं झालो, "अमर, म्या तुझा काका बोलतोय रं," आणि बोलता बोलताच कळलं की माझं नाव तर त्या यादीत आधीच आहे.

वहिनींनी फोन ओढून घेतला. त्यांना असल्या गोष्टी कळत नाहीत. पोराचा आवाज आला की त्या आयुष्यभर जे पहिलं विचारत आल्या तेच त्यांनी विचारलं, आपल्या माहेरच्या कन्नडमध्ये, "मगा, ऊटा आतेनो?" जेवलास का रे लेकरा.

मागं औरादची गाडी पुन्हा पुकारली. त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आला. आता हा "अव्वा" म्हणणार.

"अव्वाचा आवाज मातर लई हुबेहूब काढलाय तुमी," अमर म्हणाला. मग फोन बंद झाला.

शिवानं लगेच स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. कुणी म्हातारा उचलून कन्नडमध्ये बोलला. मी बोललो त्याच्याशी. चहाची गाडी होती त्याची बीदर स्टँडात. एक पोरगा एक फोन करू द्या म्हणून आला होता, नेहमीचा नाही, पहिल्यांदाच बघितला. रडत होता म्हणून काही विचारलं नाही. गेला कुठं? गाड्यांच्या गर्दीत गेला. मी विनवलं, बघा, हाक मारा, अमरनाथ नाव आहे. म्हाताऱ्यानं खरंच हाका मारल्या, मला ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "इल्लप्पा, होदा." गेला.

मी बीदर स्टँडच्या चौकशी खिडकीचा नंबर मिळवून लावला. माझ्यासारखाच कुणी नियंत्रक होता. म्हणाला, साहेब, आता पाच गाड्या सुटल्या, पाच दिशांना, कुणाला उतरवू? मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

अमर दर वेळी कुणाच्या तरी फोनवरून बोलत होता. म्हणजे अण्णांच्या फोनात त्याचा नंबर नव्हताच. सकाळपासून आम्ही ज्या कुलपाशी झटत होतो त्याच्या आत काहीच नव्हतं. हे मला शिवानं सांगितलं नाही, मला माझं कळलं, आणि तिलाही कळलंय हे तिच्याकडं बघून कळलं.

वहिनी पदरानं डोळे पुसत उठल्या. "उचला भावजी," त्या म्हणाल्या. "बापाच्या शब्दाबाहेर न्हाय गेलं पोरगं. आता काय थांबायचं?"

आम्ही अण्णांना फुलांनी मढवलेल्या खुर्चीवर बसवून नेलं. खड्ड्यात उतरवलं, स्वामीजींनी मंत्र म्हटले. पहिली मूठ मुलानं टाकायची असते. सगळे एकमेकांकडं बघायला लागले तशा वहिनी म्हणाल्या, "शिवा टाकंल." आमच्या खानदानात हे कधी झालं नव्हतं. कुणी हरकत घेतली नाही. शिवानं मूठ टाकली, पण ती उठेना. "काका, मी त्यांना काही चुकीचं नाही शिकवलं," ती मला म्हणाली. "सगळं बरोबर होतं. तपासून बघा हवं तर, एकही गोष्ट चुकीची नाही." मला काय कळतंय तपासायला? मी तिला खांद्याला धरून उठवलं. तिचं चुकलं असतं तर मला समजूत काढता आली असती. रडू नको, पुढच्या वेळी नीट कर, असं म्हणता आलं असतं.

संध्याकाळी माणसं पांगली. राजशेखर पण गेला. घरात आम्ही तिघंच. वहिनींनी सोपा सारवल्यासारखा स्वच्छ झाडून घेतला, दिवा लावला आणि शिवाच्या समोर येऊन बसल्या.

"पुढच्या सोमवारी करील तो," त्या म्हणाल्या. "बाप उचलतो का बघायला तरी करीलच. तवर त्याचा शब्द हुडकून काढ. हेच शिकतीस न्हवं तू?"

मला वाटलं शिवा सांगेल की असं होत नसतं, शब्द असा शोधून सापडत नसतो, त्यासाठीच तर तो असतो. ती म्हणाली, "हो अव्वा. तुम्ही सांगा, काय काय असू शकतं."

वहिनी आठवून आठवून सांगायला लागल्या. कपिला, आपली गाय होती ती. शिंगणापूर, दोघांना घेऊन गेले होते तिथं. हरभरा, त्याला लई आवडायचा. लक्ष्मम्मा, यांच्या आईचं नाव. घुंगरू. जिलेबी. शिवा प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, चांगल्या विद्यार्थिनीसारखी. मीही दोन सांगितले. बहुतेक त्यातलाच एखादा बरोबर असेल. पण कोणता, ते सांगणाऱ्याला आम्ही दुपारीच पुरून आलो होतो.